पाकीट तेवढंच, माल कमी: पुण्यात वाणसामान भरताना दराचा हिशेब कसा ठेवायचा

यादी तीच, दुकान तेच, बहुतेक पाकिटांवरच्या किमतीही त्याच, आणि तरी सामान पंचवीस तारखेला संपतं. नव्याने पुण्यात बिऱ्हाड थाटलेल्यांना वाटतं की आपल्याला काटकसर जमत नाही. बऱ्याचदा कारण वेगळंच असतं. १०० ग्रॅमचं पाकीट ८५ ग्रॅमचं झालेलं असतं, आणि किंमत, रंग, चित्र जिथल्या तिथे असतं.

यात सहसा बेकायदा काही नसतं, हे आधी लक्षात घ्या. २०११च्या वैधमापन (पाकीटबंद वस्तू) नियमांना एक परिशिष्ट होतं. बिस्किटं, चहा, कॉफी, खाद्यतेल, साबण अशा ठरावीक वस्तू कोणत्या वजनातच विकायच्या ते त्यात सांगितलेलं असे. २०२१च्या दुरुस्तीने ते परिशिष्ट काढून टाकलं आणि त्याच दुरुस्तीने पाकिटावर युनिट सेल प्राइस, म्हणजे एका ग्रॅमचा किंवा एका किलोचा दर, छापणं आणलं. कंपनीला हवं ते वजन भरायची मोकळीक मिळाली, आणि तुम्हाला दर बघायची सोय. कंपन्यांनी आपला वाटा पुरेपूर वापरला. आपला वाटा पाकिटाच्या मागे बारीक अक्षरांत पडून असतो.

म्हणून या लेखाचा भर तक्रारीवर कमी आणि हिशेबावर जास्त आहे. तक्रार कुठे चालते ते शेवटी दिलं आहे.

काय काय लागेल

- स्वयंपाकघरातला डिजिटल काटा, ५ किलो क्षमतेचा, १ ग्रॅमपर्यंत मोजणारा.
- एक वही. मोबाइलमधली नोंद चालते, पण दुकानात उभ्याउभ्या वही पटकन चाळता येते.
- मागच्या महिन्याची बिलं आणि नेहमीच्या सात-आठ वस्तूंची रिकामी पाकिटं. धुऊन, वाळवून, सपाट करून ठेवा.
- सुटा माल ठेवायला घट्ट झाकणाचे डबे. हे आधी आणा, धान्य नंतर.

काटा आणल्यावर एकदा तपासून घ्या. वाण्याकडून किलोभर साखर तोलून घ्या आणि तीच पिशवी घरच्या काट्यावर ठेवा. दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्याची दरवर्षी सरकारी पडताळणी व्हावी लागते आणि तिचं प्रमाणपत्र दर्शनी लावावं लागतं. ते दिसत असेल अशाच दुकानात ही तपासणी करा.

## १. आधी एमआरपी नाही, युनिट सेल प्राइस वाचा

ही ओळ एमआरपीच्या जवळ असते, बहुधा ‘यूएसपी’ अशी आणि बॅच नंबरसोबत शाईने छापलेली. एक किलोपेक्षा कमी मालाला दर प्रति ग्रॅम असतो, एक किलोपेक्षा जास्त मालाला प्रति किलो. द्रवाला तसंच मिलिलिटर आणि लिटर. नगावर विकलेल्या वस्तूला प्रति नग.

पहिली फसगत इथेच होते. अर्ध्या किलोच्या पुड्यावर ‘०.२४ प्रति ग्रॅम’ असतं आणि दोन किलोच्या पिशवीवर ‘२२८ प्रति किलो’. पहिला आकडा डोळ्याला चिमुकला वाटतो, पण तो २४० रुपये किलो झाला. ग्रॅमच्या दराला हजाराने गुणायची सवय लावून घ्या. इतकं जमलं तरी अर्धं काम झालं.

दुसरी अडचण दोन दशांशांची. दर जवळच्या पैशात गोल केलेला असतो, त्यामुळे स्वस्त मालात प्रति ग्रॅमचा आकडा ढोबळ होतो. ०.०५ छापलेलं असेल तर खरा दर ४५ ते ५५ रुपये किलो यांच्या दरम्यान कुठेही असू शकतो. मीठ, पोहे, रवा, आटा यांच्या छोट्या पाकिटांना स्वतः भागाकार करा.

१० ग्रॅम किंवा १० मिलिलिटरपर्यंतच्या पुड्यांना यातून सूट आहे, तिथे ही ओळ शोधत बसू नका.

## २. वहीत पंधरा वस्तू, जास्त नाही

सगळ्या यादीची नोंद ठेवायला गेलात तर दुसऱ्या महिन्यात कंटाळून सोडाल. ज्यांवर खरा पैसा जातो त्याच घ्या: तेल, तूरडाळ, गहू किंवा आटा, तांदूळ, साखर, चहा, दूध, तूप, शेंगदाणे, पोहे, रवा, तिखट, बिस्किटं, साबण, कपड्यांची पावडर. प्रत्येकापुढे तारीख, दुकान, निव्वळ वजन, दिलेले पैसे आणि किलोचा दर. दिलेले पैसे म्हणजे बिलातले, पाकिटावरचे नव्हेत.

पाकीट बारीक झालं की खरी दरवाढ किती ते काढायचं गणित असं: जुनं वजन भागिले नवं वजन, त्यातून एक वजा, गुणिले शंभर. किंमत तीच ठेवून १०० ग्रॅमचे ८५ केले तर माल १५ टक्के घटला, पण भाव १७.६ टक्के वाढला. २००चे १८० केले तर ११.१ टक्के. ६५चे ५५ केले तर १८.२ टक्के. घट आणि वाढ हे आकडे सारखे नसतात. वाढीचा आकडा नेहमी मोठा निघतो आणि खिशाला तोच लागतो.

इथे रिकामी पाकिटं कामाला येतात. ‘पूर्वी जास्त असायचं’ असं नुसतं वाटण्याला काही किंमत नाही. जुनं पाकीट नव्याशेजारी ठेवा आणि निव्वळ वजनाची ओळ वाचा.

## ३. तेल: इथे सावकाश चला

पुण्याच्या घरात वाणसामानातला मोठा खर्च तेलाचा, आणि सर्वात जास्त घोळही तेलातच.

खाद्यतेलाचं एक लिटर सुमारे ९१० ग्रॅम भरतं. पूर्वी एक लिटरचा पाऊच म्हणजे ९१० ग्रॅम हे इतकं पक्कं होतं की कोणी वाचायचं नाही. आता ८०० ग्रॅम, ८५० ग्रॅम, ८०० मिलिलिटर असे पाऊच एकाच फळीवर, साधारण एकाच उंचीचे, शेजारी शेजारी उभे असतात. समजा एक पाऊच १५० रुपयांचा, १ लिटर; दुसरा १३८चा, ८०० ग्रॅम. पहिला किलोला १६४.८४ पडला, दुसरा १७२.५०. स्वस्त दिसणारा महाग निघाला. दोन पाऊचवर दोन वेगळी मापं असली की सगळं किलोत आणा: लिटरला ०.९१ने गुणा.

तापमानाचाही एक खेळ होता. तेल तापलं की फुगतं. सोयाबीन तेलाचं एक लिटर २१ अंशांना सुमारे ९१९ ग्रॅम आणि ६० अंशांना सुमारे ८९३ ग्रॅम भरतं. काही कंपन्या ६० अंशांचं माप धरून ‘एक लिटर’ लिहायच्या. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ऑगस्ट २०२२मध्ये सांगितलं की तापमान न लिहिता मापासोबत वजनही द्या, आणि लेबलं सुधारायला १५ जानेवारी २०२३पर्यंत मुदत दिली. तेव्हा आज तेलाच्या पाऊचवर ग्रॅम शोधा, आणि तोच आकडा हिशेबात धरा.

डबा घेणाऱ्यांनी आणखी जपा. ‘१५चा डबा’ असं दुकानदार सहज म्हणतो. १५ लिटर की १५ किलो ते विचारा. १५ लिटर म्हणजे सुमारे १३.६५ किलो, दोन्हींत जवळजवळ दीड लिटरचा फरक. समजा १५ लिटरचा डबा २,२०० रुपयांना आणि १५ किलोचा २,३७० रुपयांना आहे. किलोला पहिला १६१ आणि दुसरा १५८ रुपये पडतो. ‘डब्यामागे १७० रुपये वाचवले’ म्हणणाऱ्याने खरं तर जास्त दिले. दोनच माणसांचं घर असेल तर डबा घेऊच नका. उघडलेलं तेल महिनोन्‌महिने राहिलं की खवट होतं, आणि शेंगदाणा तेलाचा खवटपणा भाजीत लपत नाही.

लाकडी घाण्याचं तेल घेणार असाल तर त्याची तुलना रिफाइंडशी करू नका, दोन घाण्यांची आपसात करा. तिथेही बाटलीवरचे ग्रॅम वाचून.

## ४. पाच-दहाचे पुडे आणि ‘मोठं ते स्वस्त’ हा समज

५, १०, २० रुपयांच्या पुड्यांत किंमत हलवणं कंपनीला परवडत नाही. सुटे पैसे नकोत म्हणून टपरीवाला आणि गिऱ्हाईक दोघंही त्याच आकड्याला चिकटलेले असतात. मग कच्चा माल महागला की ग्रॅम कमी होतात. बिस्किटं, फरसाण, वेफर्स, चॉकलेट, शांपूच्या पुड्या, भांड्यांच्या साबणाच्या वड्या, सगळीकडे हीच तऱ्हा.

उलटही घडतं. २२ सप्टेंबर २०२५पासून बिस्किटं, नमकीन, चॉकलेट, तूप, लोणी, चीज, अंघोळीचा साबण, शांपू, टूथपेस्ट यांवरचा जीएसटी ५ टक्क्यांवर आला. अशा वेळी १०चा पुडा ९चा होत नाही, त्यात माल वाढवतात. तो वाढलेला माल कायमचा धरू नका. दर तीन-चार महिन्यांनी निव्वळ वजन पुन्हा वाचा.

मोठं पाकीट नेहमी स्वस्त पडतं हे तर साफ चूक. शांपूच्या पुड्या बाटलीपेक्षा आणि १०चे बिस्किट पुडे फॅमिली पॅकपेक्षा दर ग्रॅमला कित्येकदा स्वस्त असतात, कारण खरी चुरस त्या छोट्या पुड्यांत असते. ‘२० टक्के जादा’ लिहिलेल्या पुड्याचं मूळ वजन कोणतं धरलंय तेही बघा. मूळ आधी घटवून मग जादा दिलं असेल तर तुम्ही जुन्या जागीच परत आलात.

किमतीवर चिकटवलेली पट्टी दिसली तर: किंमत कमी करणारी पट्टी चालते, पण खालची मूळ किंमत झाकलेली नसावी. वाढवलेल्या किमतीची पट्टी चालत नाही.

## ५. वजन तेच, पण आत काय

काही कंपन्या ग्रॅमला हात लावत नाहीत, घटक बदलतात. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावी लागते, म्हणून पहिली तीन नावं वाचली की पुरे. बदाम कुकीजमध्ये बदाम मैदा, साखर, पामतेल यांच्यानंतर कुठे तरी सापडतो. हिंगाच्या डबीत पहिलं नाव मैद्याचं किंवा डिंकाचं असतं. तो बांधानी हिंग, त्यात गैर काही नाही, पण मग त्याला खड्याच्या हिंगाचा भाव देऊ नका. ‘फ्रोझन डेझर्ट’ म्हणजे आइस्क्रीम नव्हे, त्यात वनस्पती तेल असतं. दोन्ही मिलिलिटरवर विकतात आणि त्या मापात हवाही मोजली जाते. दोन डबे तोलून पाहा, हलका कोणता ते कळेल.

दुधाच्या पिशवीवर फॅट आणि एसएनएफ (दुधातले फॅटशिवायचे घन घटक) वाचा. टोन्ड म्हणजे ३ टक्के फॅट, फुल क्रीम म्हणजे ६. पिशव्यांचे रंग डेअरीगणिक वेगळे, रंगावरून घेऊ नका.

## ६. जे सुटं मिळतं ते पाकिटात घेऊ नका

पाकीट बारीक होण्यावरचा खरा उतारा हा. सुट्या मालाला भाव किलोचाच असतो, तो वाढला तर उघड वाढतो.

पुण्यात सोय चांगली आहे. पेठांतली जुनी किराणा दुकानं, भवानी पेठ आणि नाना पेठेकडचे भुसारी, आणि पोत्याने घ्यायचं असेल तर गुलटेकडी मार्केट यार्डातला भुसार बाजार. तिथे एकट्याने पाच किलोसाठी जाण्यात अर्थ नाही, रिक्षाभाड्यातच बचत जाते. सोसायटीतल्या चार घरांनी मिळून कट्टा, म्हणजे पोतं, घ्यावा. भाव विचारताना ‘हमाली, तोलाई धरून की वेगळी?’ हे त्याच वाक्यात विचारा. महिन्याची यादी एकत्र मागवणारे ग्राहक पंचायतीचे गटही शहरात आहेत, तुमच्या भागात असेल तर चौकशी करा.

करातला एक बारकावा. १८ जुलै २०२२पासून २५ किलोपर्यंतच्या लेबल लावलेल्या पाकीटबंद धान्य, डाळी, पिठांवर ५ टक्के जीएसटी आहे, सुट्यावर नाही. २५ किलोच्या वरच्या पोत्यालाही नाही. बाजारात २६ किलोचे आणि ३० किलोचे कट्टे दिसू लागले ते त्यामुळे. २५चा आणि २६चा कट्टा शेजारी असेल तर दोन्हींचा किलोचा दर काढून बघाच.

गहू: उन्हाळ्यात, नवा माल येतो तेव्हा घ्या. लोकवन, सिहोर, शरबती यांतला कोणता, हे आधी दोन किलो आणून, दळून, पोळी करून ठरवा. आट्याशी तुलना करताना दळणाचा खर्च आणि तूट विसरू नका. समजा गहू ४० रुपये किलो, निवडण्यात आणि गिरणीत मिळून ३ टक्के गेले, दळण ६ रुपये. तर पीठ किलोला ४७ रुपयांच्या थोडं वर पडलं. आता आट्याच्या पिशवीवरचा दर बघा. दळण टाकताना आणि घेताना वजन करा. दहा किलोला पाव-अर्धा किलो तूट आली तर गिरणीवाल्याला विचारा. पंधरा दिवसांपेक्षा जास्त पीठ साठवू नका, पावसाळ्यात तर आठवड्याचंच.

तांदूळ: इंद्रायणी, आंबेमोहोर मावळ, मुळशी, भोरकडचा. दिवाळीनंतर नवा येतो. आंबेमोहोराच्या नावावर दुसराच आखूड दाणा सर्रास खपवतात, तेव्हा मूठभर शिजवून वास बघितल्याशिवाय कट्टा घेऊ नका. जुना तांदूळ किलोला महाग, पण पाणी जास्त पितो आणि फुगतो. रोजच्या कोलमला हा फरक धरण्याजोगा असतो.

साठवण चुकली तर सगळी बचत टोके, म्हणजे धान्यातले किडे, खातात. पावसाच्या आधी कडक ऊन देऊन, पूर्ण गार करून मगच डबे भरा. गरम धान्य भरलं की झाकणाला वाफ धरते आणि बुरशी येते. तूरडाळीला एरंडेल तेलाचा हलका हात चोळा. घरातल्या धान्यात सल्फासच्या गोळ्या कधीही घालू नका, त्यांतून निघणारा वायू माणसाचा जीव घेतो. पाऱ्याच्या गोळ्याही नकोत.

सुट्यात एक तोटा आहे, तोही सांगतो. भेसळ झाली तर दाद मागायला लेबल नसतं. म्हणून हळद, तिखट, धणेपूड सुटी पूड म्हणून घेऊ नका. अख्खं घ्या, मसाला कांडायच्या डंखावर समोर कांडून घ्या.

## ७. भाजी: जुडी, वाटा आणि किलो

जुडीला वजन नसतं, त्यामुळे ती बारीक होते तेव्हा कोणाच्या लक्षात येत नाही. मेथी, कोथिंबीर घरी आणली की एकदा तोला, मग देठं काढून पुन्हा तोला. पावसाळ्यात २० रुपयांच्या जुडीत पानं किती आणि पाणी-माती किती ते कळेल. वाट्यावर विकलेली भाजी संध्याकाळी उशिरा स्वस्त मिळते, पण खालचा माल बघून घ्या. मंडईत किंवा शेतकरी आठवडे बाजारात किलोचा भाव विचारा आणि ‘पाव किलो किती?’ हे वेगळं विचारा. पावाचा भाव अनेकदा किलोच्या चौथाईपेक्षा जास्त असतो.

## ८. मोबाइलवरची खरेदी

हुबेहूब सारख्या पाकिटाला दोन वेगवेगळ्या एमआरपी लावण्याला २०१८पासून मनाई आहे. मग ग्रॅम थोडे इकडेतिकडे केले की पाकीट ‘वेगळं’ होतं. ४५० ग्रॅमचं अ‍ॅपवर, ५००चं वाण्याकडे, ४७५चं मोठ्या मॉलमध्ये: तुलनाच करता येऊ नये अशी ही मांडणी असते. किलोत आणा, म्हणजे तिचा उपयोग संपतो. शेवटच्या पानावर हाताळणी, पोच, छोट्या ऑर्डरचे असे पैसे लागतात ते एकूण बिलात धरून वहीत लिहा. १० मिनिटांत आलेली कोथिंबीर कितीला पडली ते मग दिसतं.

## ९. तक्रार कधी आणि कशी

लेबलवर ८५ ग्रॅम लिहून ८५ ग्रॅम दिले तर तक्रार चालत नाही. चालते ती चार बाबतींत: लिहिलेल्यापेक्षा माल कमी, एमआरपीपेक्षा जास्त पैसे, सक्तीची माहिती नाही, किंवा किमतीवर खाडाखोड.

वजनात थोडी सूट कायद्यानेच दिलेली आहे. एखाद्या पाकिटात ५० ग्रॅमपर्यंतच्या मालाला ९ टक्के, ५० ते १००ला ४.५ ग्रॅम, १०० ते २००ला ४.५ टक्के, २०० ते ३००ला ९ ग्रॅम, ३०० ते ५००ला ३ टक्के, ५०० ते १ किलोला १५ ग्रॅम, आणि १ ते १० किलोला १.५ टक्के. म्हणजे अर्ध्या किलोच्या पुड्यात ४८७ ग्रॅम निघाले तर ते एक पाकीट सुटीत बसतं. मात्र सगळी पाकिटं अशीच निघायला नकोत, सरासरी लिहिल्याएवढी भरली पाहिजे. साबणासारख्या सुकणाऱ्या मालावर ‘पॅक करतेवेळी’ असं लिहिलेलं असतं, तिथे घरचं वजन पुरावा धरत नाहीत.

कमी वाटलं तर पाकीट फोडू नका. न फोडता तोला आणि त्यातून जपून ठेवलेल्या तशाच रिकाम्या पाकिटाचं वजन वजा करा. त्याच बॅचची आणखी दोन-तीन पाकिटं तोलून बघा. एकच हलकं निघालं तर दुकानदाराकडून बदलून घ्या आणि विषय संपवा. सगळी हलकी असतील तर हे जमवा: बिल, पाकिटाच्या सर्व बाजूंचे फोटो (बॅच नंबर, महिना-वर्ष, निव्वळ वजन, एमआरपी, उत्पादकाचा पत्ता वाचता येतील असे), काट्यावर ठेवतानाचा सलग व्हिडिओ, आणि न फोडलेलं निदान एक पाकीट.

मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५वर फोन करा किंवा ८८००००१९१५वर व्हॉट्सअ‍ॅप करा, आणि मिळालेला तक्रार क्रमांक बिलावरच लिहून ठेवा. वजनाच्या तक्रारीसाठी राज्याच्या वैधमापन शास्त्र यंत्रणेच्या पुणे कार्यालयात लेखी अर्जही द्या. त्यांचा निरीक्षक दुकानातला किंवा गोदामातला बाकीचा माल तपासू शकतो, तुमचं एक पाकीट तेवढं सिद्ध करू शकत नाही. भरपाई हवी असेल तर जिल्हा ग्राहक आयोग. मालाची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, अर्ज ई-जागृती पोर्टलवर करता येतो. पण ४० रुपयांच्या पुड्यासाठी आयोगात जाण्याआधी १९१५वरच्या तक्रारीचं उत्तर येऊ द्या. बहुतेक कंपन्या तिथेच पाकीट बदलून देतात किंवा पैसे परत करतात. न फोडलेलं पाकीट मात्र तक्रार बंद झाल्याचा निरोप येईपर्यंत कोणाच्या हाती देऊ नका, कंपनीचा माणूस ‘तपासायला’ मागत असेल तरी लेखी पोच घेतल्याशिवाय नको.